नेफ्तेगोर्स्क : नकाशावरून काढून टाकलेले तेलनगर

चेकॉव्ह शिकवताना साखालिनचा उल्लेख आपण बहुधा एका वाक्यात उरकतो. १८९० साली तिशीतला हा डॉक्टर-लेखक सैबेरिया ओलांडून कैद्यांच्या बेटावर गेला, तीन महिने राहिला आणि त्याने त्या बेटावर एक पुस्तक लिहिले, एवढेच. ते पुस्तक ना कथेत बसते ना नाटकात, त्यामुळे अभ्यासक्रमाला त्याची अडचणच होते. वास्तविक तेथे त्याने केलेले काम ललित लेखकाच्या रूढ प्रतिमेत न बसणारे होते. छापील कार्डांचे गठ्ठे घेऊन तो घरोघर हिंडला. वस्ती, घर क्रमांक, नाव, वय, धर्म, जन्मस्थान, बेटावर आल्याचे वर्ष, लिहितावाचता येते की नाही, असे रकाने भरत त्याने सुमारे दहा हजार माणसांची नोंद केली. त्यांतील सात हजारांहून अधिक कार्डे टिकून राहिली आणि २००५ साली रशियात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

बेटाच्या उत्तर टोकाकडे चेकॉव्ह गेला नाही. तेथे कैद्यांच्या वसाहती नव्हत्या. होते ते निव्ख लोक (ज्यांना त्या काळी गिल्याक म्हणत), रेनडिअर पाळणाऱ्या काही जमाती, दलदल आणि बुटकी झाडे. त्या दलदलीत पाण्यावर काळे तेल तरंगते, ही वार्ता १८८० च्या सुमारास मुख्य भूमीवरील निकोलायेव्हस्कच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचली होती. पुढे जे ओखा शहर झाले त्या जागेच्या नावाचा अर्थ स्थानिक बोलीत ‘वाईट’ असा होतो, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. हरणांना न पिता येणारे पाणी वाईटच म्हणायचे. त्याचे मोल बाहेरच्यांनी ठरवले. निव्ख भाषेची आज वापरात असलेली वर्णमाला तयार व्हायला १९७९ साल उजाडावे लागले आणि ते काम व्लादिमीर सांगी या निव्ख लेखकाच्या हातून झाले. तोवर या प्रदेशाविषयी जे लिहिले गेले ते बव्हंशी इतरांनी.

तेलामुळे उत्तर साखालिनचा इतिहास फार लवकर आंतरराष्ट्रीय झाला. १९२० ते १९२५ ही पाच वर्षे हा भाग जपानी सैन्याच्या ताब्यात होता. सैन्य परतले ते पेकिंगच्या करारानुसार तेल काढण्याची सवलत पदरात पाडून घेऊनच. तेलक्षेत्राचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडण्यात आले, एक सोव्हिएतांचा, शेजारचा जपान्यांचा. शत्रुत्व जपणाऱ्या दोन राष्ट्रांचे कामगार जवळजवळ वीस वर्षे एकमेकांच्या नजरेसमोर विहिरी खोदत राहिले. १९४४ मध्ये ही सवलत संपली. दरम्यान १९३८ साली ओखाला शहराचा दर्जा मिळाला होता आणि युद्धकाळात तेथून मुख्य भूमीपर्यंत तेलवाहिनी टाकली गेली, तीही बरीचशी कैद्यांच्या श्रमांतून. कैद्यांच्या वसाहतींचा इतिहास झारबरोबर संपला, असे समजण्याचे कारण नाही.

नेफ्तेगोर्स्क हे या इतिहासाचे शेंडेफळ. ओखाच्या दक्षिणेस १९६४ साली वोस्तोक, म्हणजे ‘पूर्व’, या नावाने ही वस्ती उभी राहिली. पाळीने येणाऱ्या तेलकामगारांची तात्पुरती सोय, एवढीच मूळ कल्पना. पण माणसे राहू लागली की संसार मांडतात. बालवाड्या, शाळा, दवाखाना, पाच मजली इमारती असे सारे आले. १९७० मध्ये नाव बदलून नेफ्तेगोर्स्क झाले. रशियन भाषेत ‘नेफ्त’ म्हणजे खनिज तेल. गावाच्या नावातच त्याचे प्रयोजन लिहून ठेवण्याची ही सोव्हिएत रीत आपल्याला जरा रुक्ष वाटेल. पण पुढे जे घडले ते पाहता त्या नावात लपवाछपवी नव्हती, असेच म्हणावे लागते.

२८ मे १९९५ रोजी मध्यरात्रीनंतर एक वाजून चार मिनिटांनी सातपेक्षा अधिक क्षमतेचा भूकंप झाला. मोठमोठे ठोकळे रचून बांधलेल्या सतरा पाच मजली इमारती कोसळल्या. गावाची लोकसंख्या तीन हजारांच्या थोडी वर. मृतांचा अधिकृत आकडा २०४०. भूकंपशास्त्रज्ञांच्या तत्कालीन नकाशात हा भाग मोठ्या धोक्याचा मानलेला नव्हता, त्यामुळे इमारतींना भूकंपरोधक बांधणी नव्हती. मदतकार्यात ठरावीक वेळी सर्व यंत्रे बंद केली जात. वाहने थांबत, माणसे बोलणे थांबवत आणि ढिगाऱ्याखालून एखादा आवाज येतो का, ते ऐकत.

मराठी वाचकाला येथे किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट या घटनेच्या वीसच महिने आधीची, आणि लातूर-उस्मानाबादचा तो पट्टाही तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात रंगवलेला होता. तेथे दगडमातीच्या जाड भिंतींनी जीव घेतले, येथे काँक्रीटने. पुढची वाट मात्र निराळी झाली. किल्लारीच्या परिसरात गावे मूळ जागा सोडून, पण आपल्या शिवारातच पुन्हा वसवली गेली. त्या पुनर्वसनाविषयी कितीही तक्रारी असल्या तरी गावाचे नाव राहिले. नेफ्तेगोर्स्क पुन्हा बांधायचेच नाही, असा निर्णय झाला. वाचलेल्यांना ओखा, युझ्नो-साखालिन्स्क आणि मुख्य भूमीवर घरे देण्यात आली, ढिगारे सपाट करण्यात आले, वस्तीची नोंद रद्द झाली.

या निर्णयाला क्रूर म्हणावे का, याचे उत्तर मला सोपे वाटत नाही. आसपासच्या विहिरी आटत आल्या होत्या, सोव्हिएत राज्य विसर्जित होऊन चार वर्षेही झाली नव्हती. आणि ज्या जमिनीने आपली मुले गिळली तेथे परत राहण्याची सक्ती कोणावर करावी? तरीही खटकते ते हे की गाव वसवताना जो हिशेब होता तोच गाव मिटवतानाही लागू झाला. मधली तीस वर्षे त्या हिशेबात कुठेच नव्हती.

किनाऱ्यापलीकडे समुद्राखालचे तेल मात्र मुख्यतः नव्या शतकात वर आले. साखालिन-१ या प्रकल्पात २००१ साली ओएनजीसी विदेश या भारतीय कंपनीने वीस टक्के भाग घेतला. तेव्हा या बेटाच्या हिशेबवहीत आपलेही एक पान आहे. त्या नव्या तेलासाठी नेफ्तेगोर्स्कची गरज पडली नाही.

आज तेथे स्मारक, प्रार्थनास्थळ आणि दफनभूमी आहे. थडग्यांवरील पुष्कळ नावांखाली जन्माची साले वेगवेगळी आहेत आणि मृत्यूची तारीख एकच. रशियन पारपत्रात जन्मस्थानाचा रकाना असतो, चेकॉव्हच्या कार्डावर होता तसाच. त्या गावात जन्मून वाचलेली मुले आता चाळिशीच्या आसपास असतील. आता कोणत्याही नकाशात नसलेल्या गावाचे नाव त्यांच्या कागदपत्रांवर त्या रकान्यात आहे.