मैदानावरचे मास्तर



गेल्या वर्षीची गोष्ट. इतिहासाचा तास आटोपून मी वर्गाबाहेर पडत होतो, तोच एक विद्यार्थी मागून आला. म्हणाला, "सर, आमच्या मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबच्या कोचवर मला टिपण लिहायचे आहे. ते आधी कुठे खेळत होते, शिकवायला केव्हा लागले, त्यांच्या हाताखालून कोण कोण तयार झाले, हे कोणत्या पुस्तकात सापडेल?"

आता, त्याने नागपूरकर भोसल्यांविषयी विचारले असते, तर मी उभ्या उभ्या चार ग्रंथांची नावे सांगितली असती. या प्रश्नाला मात्र मी निरुत्तर झालो. असे पुस्तक माझ्या पाहण्यात नव्हते. आपल्या कोणत्याही क्लबच्या कपाटात डोकावून पाहा. तेथे ढाली असतात, चषक असतात, त्यांवर साल कोरलेले असते, कप्तानाचे नाव असते. ज्या माणसाने पहाटे साडेपाचला येऊन त्या पोरांना चेंडू अडवायला शिकवले, त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. त्या माणसाविषयीच आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

फुटबॉल आपल्या देशात आला तो पलटणींबरोबर. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली, १८९१ साली मुंबईला रोव्हर्स चषकाची. या दोन्ही ठिकाणी कितीतरी वर्षे गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणजे बंगलोर मुस्लिम्स, आणि तो दिवस उजाडायला १९३७ साल यावे लागले. आमच्या नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ साली बसली. कामठीला फुटबॉलचे वेड आजही आहे, आणि तेथील रब्बानी क्लबचे नाव नागपूरच्या फुटबॉलमध्ये आदराने घेतले जाते.

त्या जुन्या काळी प्रशिक्षक नावाचा वेगळा माणूस गावोगावच्या क्लबांत कुठला असायला! जो खेळून थकला, तो काठावर उभा राहून धाकट्यांना ओरडून सांगू लागला, आणि तोच पुढे गुरू झाला. आपल्या तालमीत जसा वस्ताद असतो, अगदी तसेच. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघ आजही पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा तालमींच्याच नावाने मैदानात उतरतात. कुस्तीतली वस्तादाची परंपरा तेथे जणू फुटबॉलच्या अंगणात येऊन बसली. प्रशिक्षक तयार करणारी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली ती १९६१ साली. त्याआधी बहुतेकांचे प्रमाणपत्र म्हणजे त्यांचे शिष्य.

मग प्रश्न असा पडतो, की चांगला प्रशिक्षक होतो तरी कसा? आपला इतिहास याची दोन उत्तरे देतो, आणि आमचे नागपूर तिसरे देते.

पहिले उत्तर हैदराबादचे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. तरुणपणी तेही क्लबांतून खेळले, परंतु त्यांचे नाव झाले ते शिकवण्यामुळे. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. देशाचा संघ त्यांच्याकडे आला आणि १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत आपण इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. पण पुढच्याच वर्षी काय झाले पाहा. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्यावर १० गोल चढवले, आपण केला १. तोवर आपले पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळत असत. या पराभवानंतर बूट घालणे आवश्यक झाले. दुसरा एखादा गुरू खचला असता. रहीम मास्तरांनी पुन्हा पाटी पुसून धडा गिरवायला घेतला. चारच वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ साली जाकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक मिळाले, तेव्हा कर्करोगाने रहीमसाहेबांचे शरीर पोखरलेले होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते गेले.

दुसरे उत्तर प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे. जाकार्ताच्या त्या अंतिम सामन्यातला एक गोल त्यांचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कप्तान होते. कलकत्त्याच्या मोठमोठ्या क्लबांचा मोह बाजूला ठेवून ते ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळत राहिले. खेळणे थांबल्यावर त्यांनी शिट्टी हाती घेतली आणि ज्या क्लबांकडून ते कधी रमले नव्हते, त्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांना शिकवले. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर पेलेचा कॉसमॉस संघ आला होता. त्याला मोहन बागानने २-२ असे बरोबरीत रोखले, तेव्हा मोहन बागानचे प्रशिक्षक प्रदीपदाच होते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की प्रदीपकुमार हे रहीम मास्तरांच्या हाताखाली वाढलेले. म्हणजे एक मास्तर गेला तो मागे दुसरा मास्तर ठेवून गेला.

आता तिसरे उत्तर. ते ऐकायला नागपूरला या.

आमच्या येथे १८८३ साली स्थापन झालेले हिस्लॉप कॉलेज आहे. तेथे विजय बारसे हे क्रीडाशिक्षक होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. २००१ सालच्या सुमाराची. पाऊस पडत होता, आणि झोपडपट्टीतली काही पोट्टे एका फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळत होती. आपल्यासारख्याने काय केले असते? "काय ही उनाड पोरे!" म्हणून छत्री सावरीत पुढे गेलो असतो. बारसे सर थांबले. त्यांच्या शिक्षकाच्या नजरेला दिसले, की जोवर ही मुले खेळत आहेत, तोवर ती दुसऱ्या कोणत्याही वाईट नादापासून दूर आहेत. त्यांनी मुलांना चेंडू दिला, आणि पुढे फक्त झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली. 'झोपडपट्टी फुटबॉल' हेच तिचे नाव. लोकांनी नावाला नाके मुरडली असतील, पण शहरभरातून १२८ संघ आले. १२८ संघ म्हणजे हजारावर मुले झाली, श्रोतेहो. ती सगळी आधीही या शहरातच राहत होती, आपणच त्यांना मोजले नव्हते.

पुढे क्रीडा विकास संस्थेमार्फत हे काम वाढले. 'स्लम सॉकर' या नावाने ते जगाला ठाऊक झाले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा बारसे सरांनी शहराबाहेर मैदानासाठी जमीन घेण्यात घातला. चिरंजीव अभिजित अमेरिकेतून परतून या कामात पडले. २०१६ साली फिफा या जागतिक संघटनेने या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट याच कथेवर आला, आणि बारसे सरांवरून बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. चित्रपट आपण पाहिला असेल. पण चित्रपटात न मावणारी एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ती एका नियमात दडलेली आहे.

बेघर लोकांची एक जागतिक फुटबॉल स्पर्धा असते. तिची कल्पना निघाली २००१ सालीच, केपटाऊन येथे, मेल यंग आणि हॅराल्ड श्मीड या दोघांच्या बोलण्यातून. पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी झाली, १८ देश आले होते. या स्पर्धेचा नियम असा, की कोणालाही जन्मात एकदाच तीत खेळता येते. एकदाच! पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. आता विचार करा. एखादा मुलगा नागपूरच्या वस्तीतून निघतो, विमानात बसतो, अंगावर देशाचा सदरा चढवतो, आठवडाभर खेळतो, आणि त्या स्पर्धेतली त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द तेथेच संपते. विशीच्या आतबाहेरच तो माजी खेळाडू होतो. मग त्याने करायचे काय?

नागपूरने याचे उत्तर दिले, की त्याने शिकवायचे. अखिलेश पॉल हे २०१० साली रिओ द जानेरोच्या स्पर्धेत भारतीय संघाचे कप्तान होते. नंतर ते प्रशिक्षक झाले. आपण कोठून कोठे आलो, हे त्यांनी २०१४ साली 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात साऱ्या देशापुढे सांगितले. त्यांच्यासारखे आणखीही कितीक या वाटेने गेले. ज्या वस्तीतून खेळायला गेले, तेथेच शिकवायला परतले. रहीमसाहेब आधी मास्तर होते, मग वस्ताद झाले. प्रदीपदा आधी मोठे खेळाडू होते, मग वस्ताद झाले. नागपूरच्या या पोरांना मोठे खेळाडू व्हायला वेळच मिळाला नाही, आणि तरी ती वस्ताद झाली. त्यांच्या शिकवण्यात एक बळ असते. समोरच्या पोराने पहाटे यायला उशीर का केला, हे त्यांना विचारावे लागत नाही. घरी पाण्याचा नळ किती वाजता येतो, हे त्यांना ठाऊक असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्याशी. आपण म्हणाल, "सर, हे शहरातले झाले. आमच्या शाळेला मैदान कोठे आहे?" तर ऐका. मोठ्या फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब लागते हे खरे. पण या बेघरांच्या स्पर्धेचे मैदान फक्त २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे ७२ फूट बाय ५२ फूट. एका बाजूला ४ खेळाडू, त्यांतला एक गोली. ७ मिनिटांचे दोन डाव. खेड्यातल्या शाळेचे अंगण, नाहीतर पीक निघाल्यावरचे खळे, एवढे पुरते. एका तासिकेत ८-८ मुलांचे २ सामने सहज होतात. मुलींनाही खेळवा. या जागतिक स्पर्धेत २००८ पासून मुलींचा वेगळा विभाग आहे. आणि खेळात वेळ जातो असे कोणी म्हटले, तर त्याला सांगा, की स्लम सॉकरच्या 'एज्युकिक' या उपक्रमात फुटबॉल खेळता खेळताच मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवतात. चेंडू पुढे सरकवतानाही कोन मोजावा लागतो, नाही का?

हे सारे सांगून झाल्यावर एक कबुली देतो. मी शाळेत असताना आम्हालाही एक पी. टी. चे सर होते. रबराचा एकच चेंडू, तोही ठिगळ लावलेला. ते नेहमी म्हणायचे, "चेंडूच्या मागे काय धावता रे? चेंडू जेथे येणार आहे तेथे जाऊन उभे राहा." हे वाक्य मला जन्मभर पुरले. इतिहास शिकवतानाही पुरते. पण ते सर स्वतः कोणत्या संघातून खेळले, कोठे शिकले, त्यांचा गुडघा कोणत्या सामन्यात दुखावला, की ते पायरी चढताना भिंतीला हात लावायचे, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता ते नाहीत. मी इतिहासाचा प्राध्यापक, शेकडो वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या वंशावळी मला पाठ, आणि ज्यांनी मला शिकवले त्यांची एक ओळ माझ्या वहीत नाही. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने माझी अडचण झाली ती यासाठी.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी शेवटी काय सांगितले, तेच आपल्यालाही सांगतो. म्हटले, "बाबा, पुस्तक सापडणार नाही. ते तुला लिहावे लागेल. एक वही घे, संध्याकाळी मैदानावर जा. सामना संपल्यावर, पोरे घरी गेली की कोचसाहेबांच्या शेजारी बस. पहिला चेंडू कोणी दिला, ते विचार. तुमचे वस्ताद कोण, ते विचार. कोणत्या साली कोणाकडून खेळलात, ते लिहून घे. तुमच्या हाताखालचे कोण कोण आज शिकवतात, त्यांची नावे लिही. जुना फोटो असेल, तर त्यामागे नावे आणि साल टाकून ठेव."

तो गेला, आणि पंधरा दिवसांनी वही घेऊन आला. पहिल्याच पानावर त्याने एक झाड काढले होते. बुंध्याशी कोचचे नाव, आणि फांद्यांवर २३ नावे. त्यांतली ६ नावे त्याने तांबड्या शाईने लिहिली होती. मी विचारले, "हे काय?" म्हणाला, "सर, हे सहाजण आता स्वतः शिकवतात."

आमच्या विषयात साधने, साधने म्हणून आम्ही फार ओरडत असतो. ते पान पाहून मला वाटले, हेच खरे साधन. आपल्या गावातही असा एखादा माणूस आज संध्याकाळी शिट्टी घेऊन मैदानाकडे निघाला असेल. तो आहे तोवरच त्याच्याजवळ जाऊन बसा.