विष्णुदास भावे: केवळ ‘नाटकवाले’?

१७६० मध्ये नोव्हेर या फ्रेंच बॅलेगुरूने नृत्यकलेवर पत्ररूप ग्रंथ लिहिला. नर्तकांची पावले बसवणारा माणूस कलाविचारही मांडू शकतो, हे युरोपाने मान्य केले. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांना हा मान आपण क्वचितच देतो.

१८४३ साली अधिपती चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. पदे रचणे, पात्रांना तालीम देणे, गणपती-सरस्वतीचा नाचत होणारा प्रवेश बसवणे, राक्षसांची सोंगे सजवणे, हा सारा व्याप त्यांचाच. कागदावर मात्र मुख्यतः पदेच उतरली. गद्य संभाषण नट आयत्या वेळी रचून बोलत. राक्षसांच्या आरोळ्यांवरून ही नाटके पुढे ‘अलल्डुर्र’ म्हणून हिणवली गेली. लिखित संहिता नाही म्हणजे विचार नाही, हे गृहीतकच मुळात सदोष आहे. (नोव्हेरच्या बॅलेंत तर संवादच नसत!)

१८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सरला आणि मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले.

१८८५ मध्ये भाव्यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत आपल्या नाटकांची जन्मकथा त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मराठी रंगभूमीच्या आरंभाविषयी आज आपण जे सांगतो, त्यातले बरेचसे या प्रस्तावनेतूनच आलेले आहे.