पहारेकऱ्याचे दोन तास

ग्रीसच्या खिओस बेटाच्या किनाऱ्यावर आपल्याला जुने दगडी, गोल टेहळणी बुरूज दिसतात. तिथले लोक त्यांना ‘विग्ला’ म्हणतात. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आहे जागता पहारा. इ. स. १३४६ ते १५६६ या काळात बेटावर इटलीतील जिनोआच्या लोकांची सत्ता होती. दक्षिण खिओसच्या झाडांतून पाझरणारा सुगंधी डिंक म्हणजेच आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातली रुमामस्तकी. या डिंकाला मोठी किंमत येई. चाचे लूट तर नेतच, शिवाय माणसे पकडून गुलाम म्हणून विकत.

मग बुरूज उंच कड्यावरच का बांधायचे? पृथ्वी गोल आहे, म्हणून! डोळ्यांच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ३.६ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर साधारणपणे किलोमीटरमध्ये मिळते. पुळणीवर, २ मीटर उंचीवरून ते सुमारे ५ किलोमीटर येते. ५० मीटरवरून सुमारे २५. ताशी १० किलोमीटर वेगाने येणारे गलबत पहिल्या ठिकाणी अर्ध्या तासात किनारा गाठेल, दुसऱ्या ठिकाणी अडीच तासांत.

हे वाढीव दोन तास फार मोलाचे होते. दिवसा धूर, रात्री जाळ अशी खूण एका बुरुजावरून दुसऱ्यावर जाई. मेस्तासारख्या गावात कडेच्या घरांच्या भिंती हाच तट होता. शेतातली माणसे तिथे पोचली, की वेस बंद होई.

आपल्या गावाजवळच्या टेकडीवरून क्षितिज किती दूर असेल? मुलांना हे गणित जरूर करायला द्यावे.