एल्फिन्स्टन: एका स्कॉटिश वाडीचं नाव मुंबईत कसं आलं?

प्रभादेवी स्टेशनला अजूनही 'एल्फिन्स्टन' म्हणणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. साहेबाचं नाव, एवढं आपल्याला माहीत असतं. पण साहेबाला ते मिळालं कुठून? एका गावावरून!

स्कॉटलंडमध्ये एडिनबराच्या पूर्वेला, ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं छोटं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'स्टोन' दिसतं, पण दगडाचा इथे संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे शेतवाडी, वस्ती. त्याच्या आधी बहुधा कुणा माणसाचं नाव. थोडक्यात काय, तर 'अमक्याची वाडी'.

तेराव्या शतकात इथले जमीनदार स्वतःला 'एल्फिन्स्टनचे' म्हणवू लागले. आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव होतं ना, अगदी तसंच. पुढे या घराण्याला स्टर्लिंगशायरमध्ये एअर्थजवळ जमीन मिळाली आणि त्यांनी तिलाही एल्फिन्स्टन म्हणायला सुरुवात केली. आता गंमत बघा: आधी गावावरून आडनाव, मग आडनावावरून गाव!

घराणं मोठं होत गेलं. बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी 1495 मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठ स्थापन केलं. 1510 मध्ये घराण्याला 'लॉर्ड' किताब मिळाला.

मुंबईत मात्र आपण दोन एल्फिन्स्टन एकत्र करतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 ते 1827 गव्हर्नर होते. ते निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. बाबासाहेब आंबेडकर शिकले ते हेच कॉलेज. स्टेशनचं नाव मात्र त्यांच्या पुतण्याचं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. तो 1853 ते 1860 गव्हर्नर होता. आजचं हॉर्निमन सर्कल, तेही आधी एल्फिन्स्टन सर्कलच!

2018 मध्ये स्टेशन प्रभादेवी झालं, तेव्हा 'इतिहास पुसला' म्हणून वाद झाला. पण स्कॉटलंडमध्ये काय झालं होतं? एअर्थजवळची ती जहागीर 1754 मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतली, आणि एल्फिन्स्टनचं डनमोर झालं. मालक बदलला, पाटी बदलली.

म्हणजे कुठलीच पाटी कायमची नसते. वर्गणीतून उभं राहिलेलं कॉलेजचं नाव आणि सत्तेने स्टेशनवर लावलेलं नाव, दोन्ही 'एल्फिन्स्टन'च. पण दोघांचा इतिहास वेगळा. नाव ठेवायचं की बदलायचं हे ठरवण्याआधी ते कुणी दिलं आणि कशासाठी, एवढं तरी विचारूया.

तुमच्या आडनावात कुठलं गाव लपलंय? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!