स्टेंट यकृतात, प्रश्न रक्तात

यकृतात स्टेंट बसवून रक्ताला आडवाट काढून देणाऱ्या 'टिप्स' या उपचाराचा इतिहास बहुधा हातच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सुई कोणी घातली, फुगा कोणी फुगवला, जाळी कोणी बसवली, एवढ्यावर तो संपतो. पण या वाटेचे यशापयश दर टप्प्यावर रक्तानेच ठरवले आहे. आतडी आणि प्लीहेकडचे रक्त पोर्टल शिरेने यकृतात जाते. यकृत कडक झाले (सिरोसिस) की हे रक्त तुंबते, पोटात पाणी साठते, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. अशा वेळी मानेच्या शिरेतून उतरून यकृताच्या आतच पोर्टल शिरेला बाहेर जाणाऱ्या शिरेशी जोडता येईल, हे जोसेफ रॉश यांनी 1969 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. जोडता आले, पण नळ्या गुठळ्यांनी लवकरच बुजल्या. 1982 मध्ये टोरांटोच्या कोलापिंटो यांनी माणसांमध्ये फुग्याने वाट रुंदावली, तीही टिकेना. 1988 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली, तेव्हा कुठे वाट उघडी राहू लागली.

जाळीने एक अडचण सोडवली आणि दुसरी आणली. उघड्या धातूवर वेगाने आपटणाऱ्या तांबड्या पेशी काही रुग्णांत फुटू लागल्या. 1996 मध्ये अरुण सन्याल आणि सहकाऱ्यांनी टिप्सनंतरच्या रक्ताचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि साधारण दहातल्या एका रुग्णात हा प्रकार आढळला. जाळीवर शरीराचे स्वतःचे अस्तर चढले की काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप थांबतो. मग त्याची एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारील. कारण पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन उतरते आणि डोळे पिवळे होतात, आणि सिरोसिसच्या रुग्णाचे डोळे पिवळे दिसले की पहिला संशय यकृत आणखी खचल्याचाच येतो. हिमोग्लोबिन उतरलेले दिसले तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असावा, असेही वाटते. दोन्ही निदाने चुकू शकतात. रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी), पेशी फुटल्यावर वाढणारे एलडीएच आणि बिलिरुबिनचे दोन भाग वेगळे तपासले तर उलगडा होतो. या तपासण्या काही दुर्मीळ नाहीत, त्या आठवाव्या मात्र लागतात.

पेशी फुटणे ही रक्ताची एक बाजू झाली; दुसरी, गुठळीची बाजू समजायला ठाण्यातल्या कोपरीहून फार लांब जावे लागत नाही. ठाण्याहून लोकलने परळला उतरले की 1926 पासूनचे केईएम रुग्णालय आहे, आणि त्याच आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. या संस्थेतल्या दीपिका मोहंती, श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये पश्चिम भारतातल्या बड-किआरी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या आजारात यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिराच बंद होतात, आणि टिप्स करण्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. या रुग्णांच्या रक्तात गुठळी धरण्याचा आनुवंशिक कल, विशेषतः फॅक्टर फाइव्ह लायडेन हा दोष, ठळकपणे आढळला. याचा अर्थ सरळ आहे: ज्या रक्ताने मूळची शीर बुजवली, तेच रक्त नव्या स्टेंटमधून वाहणार आहे.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, आता आच्छादित स्टेंट आले. खरे आहे. पीटीएफई या पदार्थाचे अस्तर असलेल्या स्टेंटमुळे वाट बुजण्याचे प्रमाण बरेच घटल्याचे 2004 मधल्या चाचणीत दिसले, आणि पेशी फुटण्याचा त्रासही कमी झाला. पण अस्तर स्टेंटला असते, रक्ताला नाही. रक्ताचा कल बदलत नाही, म्हणून बड-किआरीच्या रुग्णाला रक्त पातळ करणारे औषध पुढेही लागते. दुसरा आक्षेप सिरोसिसबद्दलचा. यकृत गोठणघटक कमी बनवते, प्लेटलेट घटतात, मग अशा पातळ रक्तात गुठळी कशी होईल? गेल्या वीसेक वर्षांत ही समजूत मागे पडली आहे. यकृत गोठणे रोखणारे घटकही बनवते, तेही घटतात. तोल राहतो पण नाजूक, आणि तो दोन्हीकडे ढळू शकतो. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर वाढलेला आहे एवढ्यावरून रुग्ण गुठळीपासून सुरक्षित आहे असे मानणे धोक्याचे आहे.

म्हणून स्टेंट बसला म्हणजे उपचार संपला, असे मानू नये. अशा रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी स्टेंटची तारीख, त्याचा प्रकार, आधीचे हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन एका कागदावर लिहून फाइलमध्ये पुढेच ठेवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नये, स्टेंट तपासण्याच्या सोनोग्राफीची तारीख चुकवू नये, आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून स्टेंटची आठवण आपणहून करून द्यावी.