लोणावळें आणि शरीराचें शिक्षण

मावळ म्हटलें कीं लोहगड-विसापूर आणि डोंगर चढणारे काटक मावळे डोळ्यांपुढें उभे राहतात. त्या शरीरसामर्थ्याला इंग्रजी अमदानींतील शिक्षणांत मात्र अल्पच स्थान मिळालें. मुलांसाठीं फुटबॉल-क्रिकेट आलें, तेंहि बहुधा निवडक खेळाडूंपुरतें. मुलींच्या वांट्याला तेवढेंहि क्वचितच आलें.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं हा प्रश्न वेगळ्या वाटेनें हातीं घेतला. बडोद्यास माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकून पुढें त्यांनीं माधवदासजींपाशीं योगाभ्यास केला. १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक काढलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब कसा उतरतो, हें त्यांनीं यंत्रानें मोजून दाखविलें. परंपरेवर नुसती श्रद्धा त्यांना पुरेशी वाटली नाहीं.

फुटबॉलला बावीस गडी आणि विस्तीर्ण मैदान लागतें. आसनांना एक सतरंजी पुरते. म्हणून ज्याला संघांत जागा नाहीं, त्यालाहि येथें जागा आहे. स्वातंत्र्यानंतर तेथें योगाचें महाविद्यालय निघालें आणि त्यांत आज स्त्रीपुरुष दोघेहि शिकतात. महाविद्यालयाचें यश जिंकलेल्या चषकांवरून मोजावें, कीं प्रत्येक विद्यार्थ्याच्या आरोग्यावरून, हा प्रश्न मात्र अद्यापि आपल्यापुढें उभाच आहे.