हवाई सुंदरीचं वय

मराठीत एक शब्द आहे, ‘हवाई सुंदरी’. विमानात काम करणाऱ्या बाईसाठी आपण तो वर्षानुवर्षं वापरला. इस्पितळातल्या बाईला आपण परिचारिका म्हटलं, शाळेतल्या बाईला शिक्षिका म्हटलं, एस.टी.तल्या बाईला कंडक्टर म्हटलं. या नावांत त्यांचं काम दिसतं. हवाई सुंदरी या नावात काम कुठंच नाही, आहे तो फक्त चेहरा. मी कविता लिहितो, त्यामुळे शब्दांशी अडखळायची सवय आहे. पण या शब्दाशी मी अडखळलो तो माझ्या भाचीमुळे.

ती एका विमान कंपनीत केबिन क्रू आहे. एकदा ईदला घरी आली होती. शेजारचे एक गृहस्थ शिरखुर्मा खाता खाता कौतुकानं म्हणाले, ‘‘काय हवाई सुंदरी, विमानात काय काय खाऊ घालता?’’ ती हसली. ते गेल्यावर मला म्हणाली, ‘‘मामू, आम्हाला आग विझवायला शिकवतात, धुरात दरवाजा उघडायला शिकवतात, विमान पाण्यात उतरलं तर काय करायचं ते शिकवतात. हे कुणीच विचारत नाही.’’

तिचं म्हणणं खरं आहे. प्रवासी विमानात पन्नास आसनांमागं किमान एक केबिन कर्मचारी हवा, हा नियम चहा-नाश्त्यासाठी केलेला नाही. निम्मे दरवाजे बंद असताना सगळे प्रवासी नव्वद सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजेत, या कसोटीवर मोठी विमानं तपासली जातात. ते नव्वद सेकंद हेच या माणसांचं खरं काम. बाकीचे तास त्या नव्वद सेकंदांची वाट पाहण्याचे, आणि ते येऊ नयेत अशी दुआ करण्याचे.

गंमत अशी की या पेशाची सुरुवात सुरक्षिततेच्या विचारातूनच झाली होती. १९३० मध्ये अमेरिकेत एलन चर्च ही पहिली स्टुअर्डेस झाली. ती परिचारिका होती आणि तिच्यासोबत नेमलेल्या बाकीच्या सात जणीही परिचारिकाच होत्या. पण त्याच वेळी अटीही आल्या : वय कमी हवं, वजन कमी हवं, लग्न झालेलं नको. सुरक्षिततेचं काम मागं पडलं आणि अटी जगभर पसरल्या. त्या आपल्या मुंबईतही आल्या.

एअर इंडियाचा लांब मिशांचा महाराजा आपल्याला आठवत असेल. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि उमेश राव यांनी त्याला जन्म दिला. त्या महाराजाला निवृत्तीचं वय नव्हतं. त्याच्या विमानात राबणाऱ्या मुलींना मात्र होतं. एअर इंडियाच्या सेवानियमांतलं सेहेचाळिसावं कलम सांगत होतं की, एअर होस्टेसनं वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच घरी जावं. आणि पहिल्यांदा दिवस राहिले तर त्याच वेळी नोकरी संपली. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळू शकत होती, पण ती व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानात, त्याच प्रवाशांची सेवा करणारा पुरुष कर्मचारी मात्र अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काम करत होता.

कामगार संघटनांनी हा प्रश्न लवकर हाती घेतला. १९६५ मध्ये न्यायमूर्ती खोसला यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणापुढे आणि १९७२ मध्ये महेश न्यायाधिकरणापुढे वय वाढवण्याची मागणी आली. दोन्ही वेळा पस्तिशीची रेघ हलली नाही.

याच काळातली दुसरी एक घटना सांगतो. मुंबईतल्या एका औषध कंपनीत बाटल्यांवर लेबलं लावणाऱ्या, माल बांधणाऱ्या मुली होत्या. लग्न केलं की नोकरी संपेल, ही अट त्यांनाही होती. बॉम्बे लेबर युनियननं त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ मध्येच जिंकला. म्हणजे कारखान्यात लेबलं चिकटवणाऱ्या मुलीला लग्नाचा हक्क मिळाला, आणि साऱ्या देशाला जिचा हेवा वाटत होता त्या आकाशातल्या मुलीला तो मिळाला नव्हता. चकचकीत नोकरीत माणूस कामगार आहे हे लवकर दिसत नाही. कधी कधी त्याला स्वतःलाही दिसत नाही.

पुढं एअर होस्टेस मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्ग झालं. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ हा तो खटला. २८ ऑगस्ट १९८१ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला, तो लिहिला न्यायमूर्ती फजल अली यांनी. गरोदर राहिली म्हणून नोकरीवरून काढणं हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं म्हणून न्यायालयानं ते कलम रद्द केलं. मूल झाल्यावर नोकरी आणि घर कसं सांभाळायचं, हा त्या बाईचा स्वतःचा प्रश्न आहे, महामंडळाचा नाही, असंही सांगितलं. मुदतवाढीतली साहेबाची मर्जीही गेली.

हा निकाल आपण विजय म्हणून सांगतो आणि तो विजय होताच. पण अर्धा. पहिल्या चार वर्षांत लग्न नको, ही अट न्यायालयानं योग्य ठरवली, त्यासाठी कुटुंबनियोजनाचं कारण दिलं. पस्तिशीची रेघही मुळात गैर मानली नाही. आणि एअर होस्टेस व पुरुष पर्सर हे दोन वेगळे वर्ग आहेत, त्यांची भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, म्हणून त्यांची तुलनाच नको, असं म्हटलं. पण या दोन शिड्या उभ्या कुणी केल्या होत्या? ज्यानं भेदभाव केला त्याच्याच कागदावरून भेदभाव नाही असं ठरलं.

पाच वर्षांनी, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत उभं असताना दहशतवाद्यांनी ताब्यात घेतलं. नीरजा भनोतच्या इशाऱ्यामुळं वैमानिक कॉकपिटमधून बाहेर पडले आणि विमान उडू शकलं नाही. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट दडवले. सतराएक तासांनी गोळीबार सुरू झाला तेव्हा तिनं प्रवाशांना बाहेर पडायला मदत केली आणि तिथंच ती मारली गेली. दोन दिवसांनी तिला तेवीस वर्षं पूर्ण होणार होती. देशानं तिला अशोकचक्र दिलं. त्या दिवशी साऱ्या देशाला कळायला हवं होतं की विमानातली ही बाई शोभेसाठी नसते. आपण तिच्या धैर्याला सलाम केला आणि तिच्या पेशाला पुन्हा सुंदरीच म्हणत राहिलो.

नियम बदलले, पण किती संथपणे! १९८९ मध्ये सरकारनं सांगितलं, एअर होस्टेसनाही अठ्ठावन्नपर्यंत नोकरी द्या. लगेच खुलासा आला की पंचेचाळिशीनंतर काम जमिनीवर. पुढं उड्डाणाची मर्यादा पन्नास झाली. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पन्नास आणि अठ्ठावन्न हा फरक भेदभाव ठरवला. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. या खटल्यातली अवघड गोष्ट अशी, की अपील करणाऱ्यांत केबिन क्रूची संघटनाच होती. व्यवस्थापनाशी झालेले करार पाळले जावेत, हे तिचं म्हणणं. समोर उभ्या होत्या त्याच पेशातल्या, अठ्ठावन्नपर्यंत उडू इच्छिणाऱ्या ज्येष्ठ महिला.

संघटनेला मी दोष देत नाही. माझा संघटनेवर विश्वास आहे. एकट्या माणसाचं कुणी ऐकत नाही हे मी पाहिलं आहे. पण संघटनेच्या आतही कुणी थोडे असतात, कुणी जास्त असतात, आणि थोड्यांचं ऐकून घ्यायला तिथंही कुणीतरी लागतं. अखेर त्याच वर्षी सरकारनं आदेश काढून महिलांना अठ्ठावन्नपर्यंत उडण्याची मुभा दिली. डिसेंबर २००५ मध्ये विमानातल्या पर्यवेक्षकाचं पद महिलांनाही खुलं झालं. काही पुरुष सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महिलांच्या बाजूनं निकाल दिला. सेहेचाळीस वर्षं झाली होती, खोसला न्यायाधिकरणापासून.

कुणी म्हणेल, हा त्या बायकांच्या नोकरीचा प्रश्न, प्रवाशाला त्याचं काय? अमेरिकेत विमानातल्या सिगारेटच्या धुराविरुद्ध केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटना लढल्या, कारण तो धूर रोज त्यांच्या छातीत जात होता. १९८८ मध्ये छोट्या उड्डाणांत धूम्रपान बंद झालं आणि पुढं सर्वत्र. आज स्वच्छ हवा आपण सगळेच घेतो. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आतली उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती. आठ दरवाज्यांपैकी तीनच वापरता आले. केबिन कर्मचाऱ्यांनी मेगाफोन घेऊन, ओरडून, त्या विमानातली सर्वच्या सर्व ३७९ माणसं बाहेर काढली. कोणता दरवाजा उघडायचा आणि कोणता उघडायचा नाही, हा निर्णय चेहऱ्यानं होत नाही. तो सरावानं होतो आणि पुरेशी झोप मिळालेल्या डोक्यानं होतो. म्हणून तिची झोप, तिची रजा, तिचं बाळंतपण, तिची पन्नाशी, या सगळ्याशी आपल्या जिवाचा संबंध आहे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. प्रवाशांबरोबर दोन वैमानिक आणि दहा केबिन कर्मचारी गेले. आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. भाची दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या शहरात होती, सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची ड्युटी होती. तिची आई फोनवर म्हणाली, ‘‘आजचा दिवस नको जाऊस.’’ ती म्हणाली, ‘‘अम्मी, आज प्रवासी जास्त घाबरलेले असतील. आज तर जायलाच हवं.’’

ती गेली. संध्याकाळी तिचा निरोप आला : पोचले. एवढंच.

तेव्हापासून विमान सुटण्यापूर्वी ती मुलगी किंवा तो मुलगा हात लांब करून दरवाजे दाखवतो, तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवतो आणि बघतो. आणि तो जुना शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)